मानद पदवी : मान कोणाचा, पदवी कोणाची?

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात मालवण परिसरातील एक स्नेही आमच्या चिकित्सालयात आले. वडिलांच्या काळापासून त्यांचे आयुर्वेदीय औषधांचे दुकान आहे. काढे, तेले, आसव-अरिष्टे यांची पारख असलेला हा सचोटीचा माणूस. त्यांच्या हातात जाड कागदाचा, सोनेरी किनारीचा लिफाफा होता. आतील पत्रावर कुठल्याशा परदेशी नावाच्या 'विद्यापीठा'ची मुद्रा होती. आयुर्वेदाच्या क्षेत्रातील अलौकिक सेवेबद्दल आपली 'मानद डॉक्टरेट'साठी निवड झाली असून एका मोठ्या शहरातील हॉटेलात समारंभ होईल, असे त्यात कळविले होते. शेवटच्या परिच्छेदात, बारीक अक्षरांत, नोंदणी व समारंभखर्च म्हणून पस्तीस हजार रुपये आगाऊ भरावेत, अशी सूचना होती.

"वैद्यबुवा, दुकानाच्या पाटीवर नावाआधी 'डॉक्टर' लिहिता येईल. तुम्ही सांगा, घेऊ का?" त्यांनी सरळ विचारले.

प्रश्न सरळ असला तरी त्याचे उत्तर तत्काळ देण्याइतकी माझीही माहिती पुरी नव्हती. मानद पदवी कोण देऊ शकतो, कशी देतो, आणि ती मिळाल्याने नेमके काय प्राप्त होते, याचा विचार आपल्यापैकी फारच थोड्यांनी केलेला असतो. त्यानिमित्ताने जे वाचले व समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे. या लेखाला आणखी एक कारण आहे. त्याचा उल्लेख शेवटी करीन.

अर्जित आणि मानद

विद्यार्थी प्रवेश घेतो, ठरावीक काळ अध्ययन करतो, परीक्षा देतो किंवा प्रबंध सादर करतो, परीक्षक तो तपासतात आणि मग विद्यापीठ पदवी देते. ही अर्जित पदवी होय. मानद पदवीत प्रवेश, परीक्षा, प्रबंध यांपैकी काहीही नसते. एखाद्या व्यक्तीचे कार्यच इतके मोठे असते की तिची परीक्षा घेण्याऐवजी तिला वंदन करावे, असे विद्यापीठाला वाटते. म्हणून लॅटिन भाषेत तिला 'ऑनोरिस कॉसा', म्हणजे 'सन्मानार्थ', असे म्हटले जाते. आपल्याकडे बहुधा एल्एल. डी., डी. लिट. किंवा डी. एस्सी. या नावांनी ती दिली जाते.

या प्रथेचा जन्म पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑक्सफर्ड येथे झाला, असे सामान्यतः मानले जाते. तेथे लायनेल वुडव्हिल याला परीक्षेवाचून पदवी देऊ केली गेली. हा गृहस्थ इंग्लंडच्या राजाचा मेहुणा होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. विद्वत्तेचा गौरव आणि सत्तेचे आर्जव हे दोन्ही प्रवाह मानद पदवीत आरंभापासूनच मिसळलेले आहेत. पुढचे सर्व नियम या दोहोंची गाळणी करण्यासाठी झाले, असे म्हटले तरी चालेल.

मालवणचा सुपुत्र

दूरची उदाहरणे शोधण्याची आपल्याला गरज नाही. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. वडील महसूल खात्यात कारकून होते. रत्नागिरीत शालेय शिक्षण, मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांच्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे यांच्यासमवेत बी. ए., असा त्यांचा प्रवास आहे. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या कित्येक वैद्यांचा संस्कृतात प्रवेश त्यांच्याच पाठ्यपुस्तकांच्या बोटाला धरून झाला. हस्तलिखित पोथ्यांच्या शोधासाठी त्यांनी जे श्रम घेतले, त्यांचे फळ आज पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत आहे. ६ जुलै १९१७ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेच्या संग्रहात वैद्यक विषयाच्या पोथ्यांचीही स्वतंत्र सूची आहे. रसग्रंथांच्या पाठभेदांसाठी तेथे गेलेल्यांना तिचे मोल ठाऊक आहे.

भांडारकरांचा दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील ग्रंथ १८८४ साली प्रसिद्ध झाला आणि १८८५ साली जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट देऊन गौरविले. मुंबई विद्यापीठानेही पुढे त्यांना एल्एल. डी. ही मानद पदवी दिली. १८९३ साली ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले होते. या क्रमातील मर्म पाहावे. आधी सुमारे दोन तपे अध्यापन, ग्रंथ, पोथ्या. मग परदेशातील जाणकारांची दाद. आणि त्यानंतर घरच्या विद्यापीठाचा सन्मान. पदवीने भांडारकरांची विद्या वाढली नाही. विद्येने मात्र त्या पदवीला वजन आले.

कायद्याची भाषा

१८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, तेव्हा मानद पदवी देण्याचा सर्वसाधारण अधिकार त्यांना नव्हता. १८८४ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. पुढे १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्यात पद्धती अधिक काटेकोर झाली. हे विधेयक व्हाइसरॉयच्या विधिमंडळात आले तेव्हा त्याला कडाडून विरोध करणारे नामदार गोखले आणि त्याचे समर्थन करणारे भांडारकर हे दोघेही कोकणाशी नाते सांगणारे होते. त्या कायद्यानुसार कुलगुरू व सिंडिकेटच्या इतर सदस्यांपैकी किमान दोन-तृतीयांश यांनी शिफारस करावयाची, अधिसभेत उपस्थित असलेल्या सदस्यांपैकी दोन-तृतीयांशांनी तिला पाठिंबा द्यावयाचा आणि कुलपतींनी त्यावर शिक्कामोर्तब करावयाचे, असा तिहेरी बंदोबस्त होता. सन्मानाचे कारणही एकच सांगितले होते : त्या व्यक्तीचे श्रेष्ठ स्थान आणि तिने मिळविलेले यश.

शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी ही चौकट फारशी बदललेली नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये 'श्रेष्ठ स्थान' व 'यश' यांच्या जोडीला 'लोकसेवा' हा शब्द आहे. वैद्यकासारख्या व्यवसायातील माणसाला याच शब्दाने दार उघडते. आज पायऱ्या अशा आहेत :

पहिली पायरी : कुलगुरूंनी कुलपतींची, म्हणजे राज्यपालांची, पूर्वसंमती घ्यावयाची. ती मिळेपर्यंत व्यवस्थापन परिषदेला प्रस्ताव विचारार्थ घेताच येत नाही.

दुसरी पायरी : व्यवस्थापन परिषद प्रस्तावाचा विचार करून अधिसभेकडे शिफारस करते.

तिसरी पायरी : अधिसभेच्या बैठकीस उपस्थित सदस्यांपैकी किमान दोन-तृतीयांश अनुकूल असावे लागतात आणि ही संख्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून कमी असून चालत नाही.

चौथी पायरी : दीक्षान्त समारंभात, किंवा त्यासाठी योजलेल्या विशेष समारंभात, मानपत्राचे वाचन होऊन पदवी प्रदान केली जाते.

आयुर्वेद महाविद्यालये ज्याच्या छत्राखाली आहेत त्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा कायदा १९९८ चा, म्हणजे वेगळा आहे. पण तो याच परंपरेत घडलेला आहे. कृषी विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे, खासगी विद्यापीठे यांचे नियम आपापले असतात. तथापि सर्वत्र एक सूत्र समान आहे. प्रस्ताव विद्यापीठाच्या अधिकृत मंडळांतून जातो, त्याची नोंद इतिवृत्तात राहते, आणि ज्याचा सन्मान व्हावयाचा त्याच्याकडून एक छदामही घेतला जात नाही.

कोणाला मिळाली, कशासाठी

रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडचे महर्षी धोंडो केशव कर्वे यांची अर्जित पदवी गणितातील बी. ए. एवढीच. पण स्त्रीशिक्षणासाठी त्यांनी वेचलेल्या आयुष्याची दखल घेऊन काशी हिंदू विद्यापीठाने १९४२ साली, पुणे विद्यापीठाने १९५१ साली डी. लिट. आणि मुंबई विद्यापीठाने १९५७ साली एल्एल. डी. त्यांना अर्पण केली. तेव्हा ते शंभरीच्या उंबरठ्यावर होते.

आपल्याच वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिकवीत होते. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण अपुरेच राहिले होते. त्यांना शिवाजी विद्यापीठाने डी. लिट. दिली. ज्याला पदवी पूर्ण करता आली नाही, त्याच्या पुस्तकांवर पुढे इतरांनी पदव्या मिळविल्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. कोलंबियाची पीएच. डी. आणि लंडनची डी. एस्सी. या त्यांनी अभ्यासाने मिळविलेल्या पदव्या. त्याच कोलंबिया विद्यापीठाने १९५२ साली एल्एल. डी. आणि उस्मानिया विद्यापीठाने १९५३ साली डी. लिट. देऊन त्यांचा सन्मान केला. एकाच नावापुढे दोन्ही प्रकारच्या पदव्या असल्या, तरी त्यांतील भेद त्यांच्या चरित्रकारांनी नीट राखला आहे.

१९४० साली रवींद्रनाथ ठाकूर यांना पदवी देण्यासाठी ऑक्सफर्ड विद्यापीठाने शांतिनिकेतनातच समारंभ भरविला. विद्यापीठातर्फे भाषण लॅटिनमध्ये झाले आणि रवींद्रनाथांनी उत्तर संस्कृतात दिले. सन्मान स्वीकारतानाही आपली भूमी कशी राखावी, याचा तो वस्तुपाठ होता.

आपल्या शास्त्रापुरते बोलावयाचे तर कोट्टक्कल आर्य वैद्यशाळेचे पी. के. वॉरियर यांना कालिकत विद्यापीठाने १९९९ साली मानद डी. लिट. दिली. औषधनिर्मिती, रुग्णालय आणि ग्रंथप्रकाशन या तिन्ही आघाड्यांवर त्यांनी उभे केलेले काम हाच त्यांचा प्रबंध होता.

नाकारण्याचेही उदाहरण आहे. २०१७ साली बंगलोर विद्यापीठाने राहुल द्रविड यांना मानद डॉक्टरेट देऊ केली असता, क्रीडाक्षेत्रात संशोधन करून ती मिळविण्याचा प्रयत्न करीन, असे कळवून त्यांनी ती नम्रपणे नाकारली. आणि दिलेली पदवी परतही घेतली जाते. झिंबाब्वेचे रॉबर्ट मुगाबे यांना १९८४ साली दिलेली पदवी एडिंबरो विद्यापीठाने २००७ साली काढून घेतली.

मानद पदवीने काय मिळत नाही?

वैद्य व औषधविक्रेते यांच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

मानद पदवीने चिकित्सा करण्याचा अधिकार मिळत नाही. महाराष्ट्रात तो अधिकार महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ खालील नोंदणीने मिळतो, आणि नोंदणी होते ती मान्यताप्राप्त अर्हतेवर. १९७० च्या केंद्रीय कायद्याची जागा घेणाऱ्या भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग अधिनियम, २०२० नेही हे तत्त्व कायम ठेवले आहे. ज्याची नोंदणी नाही, त्याला दहा मानद डॉक्टरेट मिळाल्या तरी तो एकाही रुग्णाला औषधयोजना लिहून देऊ शकत नाही.

परीक्षेने मिळविलेल्या पदवीचीही देणाऱ्याच्या अधिकारावाचून काय गत होते, ते प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या 'वैद्य विशारद' व 'आयुर्वेद रत्न' या उपाध्यांच्या प्रकरणी दिसले. १९३१ ते १९६७ या काळातील त्या उपाध्यांनाच कायद्याच्या परिशिष्टात मान्यता होती. त्यानंतरच्या उपाध्यांच्या आधारे व्यवसायाचा हक्क मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले. कित्येकांची उमेदीची वर्षे त्या भ्रमात गेली.

नावाआधी 'डॉ.' लावावे काय? मानद पदवीधारकाने दैनंदिन व्यवहारात तसे करू नये, असाच विद्यापीठीय संकेत आहे. संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने किताब रद्द करताना सैनिकी व विद्याविषयक उपाध्या वगळल्या, हे खरे. पण विद्याविषयक उपाधी ही अधिकृत विद्यापीठाची असावी लागते. आणि पद्म पुरस्कारांसारखे राष्ट्रीय सन्मानदेखील नावाच्या आधी वा नंतर जोडता येत नाहीत, असा निर्णय १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला आहे. औषधाच्या दुकानावरील 'डॉक्टर' ही अक्षरे वाचून आत येणारा रुग्ण ती सन्मानार्थ आहेत की चिकित्सार्थ, याची चौकशी करीत बसत नाही. तो विश्वास ठेवतो. त्या विश्वासाची जबाबदारी पाटी लावणाऱ्याची आहे.

लिफाफ्याची परीक्षा

विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ नुसार केंद्र वा राज्य कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच पदवी देता येते. कलम २३ नुसार इतरांना आपल्या नावात 'विद्यापीठ' हा शब्द वापरण्यास बंदी आहे. कलम २४ मधील दंड मात्र केवळ एक हजार रुपयांपर्यंतचा आहे. १९५६ साली ही रक्कम मोठी असेल; आज पस्तीस हजार घेणाऱ्याला ती किरकोळ वाटते. म्हणूनच सावधगिरी आपणच बाळगावयास हवी. आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करीत असतो आणि त्या यादीत आपल्या राज्यातील नावही आलेले आहे.

असा लिफाफा आला तर चार प्रश्न विचारावेत. हे विद्यापीठ कोणत्या कायद्याने स्थापन झाले? माझे नाव कोणी सुचविले आणि कोणत्या मंडळाने कोणत्या बैठकीत संमत केले? दीक्षान्त समारंभ विद्यापीठाच्या आवारात, कुलपती वा कुलगुरूंच्या अध्यक्षतेखाली आहे काय? आणि माझ्याकडून पैसे कशासाठी? यांतील शेवटचा प्रश्न पहिल्यांदा विचारला, तर उरलेले तीन विचारण्याचे श्रम बहुधा वाचतात.

येथे एक भेद नोंदवावयास हवा. नवी दिल्लीचे राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठ ही १९८८ साली स्थापन झालेली, केंद्र सरकारच्या अखत्यारीतील स्वायत्त संस्था होय. गुरुशिष्य परंपरेने शिक्षण देणारी ही संस्था ज्येष्ठ वैद्यांना सन्माननीय अधिछात्रपद देते. तो मोलाचा गौरव आहे. पण ती डॉक्टरेट नव्हे, आणि ज्यांना तो मिळतो ते तसे म्हणवूनही घेत नाहीत.

चरकाचार्यांची कसोटी

आपल्या आचार्यांना हा प्रश्न नवा नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिस्रैषणीय अध्यायात वैद्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला छद्मचर, म्हणजे वैद्याचे सोंग घेणारा. तिसरा सद्वैद्य, वैद्यगुणांनी युक्त व प्राणांचे रक्षण करणारा. या दोहोंच्या मध्ये 'सिद्धसाधित' येतो. धन, कीर्ती, ज्ञान यांनी संपन्न असलेल्यांच्या नावाच्या आधाराने, स्वतः तसा नसताना, वैद्य म्हणून मिरविणारा, असे त्याचे वर्णन आहे. विकत घेतलेल्या उपाधीचे याहून अचूक निदान आजच्या कोणत्याही कायद्याने केलेले नाही. चिकित्सास्थानात आचार्य असेही सांगतात की वैद्य ही संज्ञा जन्माने मिळत नाही. विद्या समाप्त झाल्यावर ती प्राप्त होते. सुश्रुताचार्य तर शास्त्र शिकलेल्या व कर्माभ्यास झालेल्या वैद्यानेही राजाची अनुज्ञा घेऊनच व्यवसायात पाऊल ठेवावे, असा दंडक घालतात. अध्ययन, अभ्यास आणि अनुज्ञा हा क्रम आजच्या पदवी, आंतरवासिता आणि नोंदणी या क्रमाहून वेगळा नाही. सन्मान या तिहींनंतर येतो, त्यांच्याऐवजी नव्हे.

एक प्रस्ताव

आता दुसरे कारण. आपल्या किनाऱ्यावरील एका गावात ऐंशी वर्षे ओलांडलेले एक नोंदणीकृत वैद्य आहेत. त्यांच्या इच्छेला मान देऊन नाव लिहीत नाही. खाडीकाठच्या वनस्पती, त्यांची मालवणी नावे, कोणत्या ऋतूत कोणते अंग घ्यावे, मासेमारी करणाऱ्यांच्या त्वचारोगांवर काय लागू पडले आणि काय पडले नाही, याच्या त्यांनी पन्नासांहून अधिक वर्षांच्या वह्या लिहून ठेवल्या आहेत. 'लागू पडले नाही' या नोंदीही त्यांत आहेत, हे विशेष. मानद पदवीसाठी त्यांचे नाव सुचवावे, असे आमच्यापैकी काहींना वाटते. मी त्यांच्या पडवीत बसून हे सांगितले, तेव्हा ते हसले. "माका कित्या होयी ती पदवी? त्यापरास ह्यो वह्यो कोणीतरी नीट लिवून काढा. वाळवी लागता त्यांका."

त्यांच्या उत्तरातच कार्यक्रम दडलेला आहे, असे मला वाटते. विद्यापीठापुढे प्रस्ताव जातो तो कागदांच्या बळावर. कुलगुरू, परिषद, अधिसभा यांच्यापैकी कोणीही ती पडवी पाहिलेली नसणार. वह्यांची सुवाच्य प्रत, वनस्पतींची शास्त्रीय नावांसह सूची, रुग्णांची ओळख गुप्त ठेवून केलेले संकलन आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांची निवेदने एवढे सिद्ध झाले, तर प्रस्तावाला आधार येईल. प्रस्ताव मान्य झाला नाही, तरी ग्रंथ उरेल. भांडारकरांच्या बाबतीतही पोथ्या आधी जमल्या होत्या, पदव्या मागाहून आल्या. आपल्या सभासदांपैकी ज्यांना मोडीचा व जुन्या हस्ताक्षराचा सराव आहे, त्यांनी आठवड्यातून एक दुपार या कामाला द्यावी, अशी माझी विनंती आहे. वैद्यराजांचे वय पाहता हे काम पुढल्या पावसाळ्यावर ढकलण्यासारखे नाही.

आणि ते औषधविक्रेते स्नेही? त्यांनी चार प्रश्नांचे पत्र पाठविले. उत्तरात शुल्कात सवलत देऊ केल्याचे कळविण्यात आले. प्रश्नांना उत्तर नव्हते. त्यांनी लिफाफा फाडून टाकला नाही. दुकानाच्या खणात ठेवला आहे. दुसऱ्या कोणाला असेच पत्र आले तर दाखवावयास उपयोगी पडेल, असे ते म्हणतात. त्या पस्तीस हजारांतील काही भाग त्यांनी वह्यांच्या छायाप्रतींसाठी देऊ केला आहे. दुकानावरील पाटी होती तशीच आहे. तिच्यावर त्यांच्या वडिलांचे नाव आहे, कोणत्याही उपाधीवाचून.